फोडणीवर आलेला आळ

नयना हसबनीसला मी पहिल्यांदा पाहिलं ते टोकियोतल्या निशी-कसाईला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. सत्त्याण्णव सालची गोष्ट. तेव्हा तिथे मराठी बायका जमून जमून किती जमणार! त्यामुळे नवा चेहरा लगेच उठून दिसायचा. ही बाई मात्र आल्या आल्या यजमानीणबाईंची परवानगी घेऊन कोपऱ्यातल्या फोनवर बसली आणि जपानीत बोलायला लागली. आमच्यातल्या काहीजणी तिच्याआधी कितीतरी वर्षं जपानात होत्या, पण तसं जपानी आमच्यात कुणालाच येत नव्हतं. आवाज शांत, एका पट्टीतला. समोरचा माणूस तिला टाळत होता हे तिच्या भुवयांवरून कळत होतं, पण आवाजात त्याचा मागमूस नव्हता.

फोन ठेवून ती म्हणाली, "माफ करा हं. हीटर कंपनीचा साहेब याच वेळेला जागेवर सापडतो."

मग तिने हीटरची हकिकत सांगायला सुरुवात केली, आणि आमची तिळगुळाची ताटं हातातच राहिली.

नयना मूळची सांगलीची. बी.ए. झाल्या झाल्या टेलिफोन खात्यात लागली, ट्रंक ऑपरेटर म्हणून. कानाला हेडफोन लावून दिवसभर लोकांच्या घाई-गर्दीला, रडण्याला आणि आरडाओरड्याला एकाच सुरात उत्तर द्यायचं हे तिचं काम. लग्नानंतर बदली करून मुंबईला आली. नवरा शिरीष रंग-रसायनांच्या निर्यातीच्या कंपनीत. त्याला टोकियोचं पोस्टिंग मिळालं, तेव्हा त्यांची मुलगी कस्तुरी शाळेत जायच्या वयाची झाली होती. नयनाने पक्की सरकारी नोकरी सोडली. तिच्या आईने त्याबद्दल बरेच दिवस अबोला धरला होता.

टोकियोला लागून असलेल्या उरायासुमध्ये, जुन्या वस्तीत, एका लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर त्यांनी बिऱ्हाड केलं. खाली घरमालकीण तोकुनागा-सान राहायच्या; सान म्हणजे आपल्याकडचं बाई किंवा राव. सत्तरीच्या पुढच्या, एकट्या. समुद्र भरून तिथे नवं शहर उभं राहायच्या आधी त्यांचे यजमान मासेमारी करत आणि त्या स्वतः शिंपल्या सोलायच्या कामाला जात. हाताची बोटं अजून त्याची साक्ष देत होती.

पहिलं वर्ष नयनाला घर खायला उठायचं. शिरीष सकाळी जाई तो रात्री येई, कस्तुरी शाळेत. जिचा दिवस फोनवर जायचा, तिच्या घरचा फोन दिवसेंदिवस वाजत नसे. एकदा तिला कळलं, की ठरावीक नंबर फिरवला की एक बाई वेळ सांगते आणि दुसरा फिरवला की हवामान. तिने फोन लावायला सुरुवात केली. ती बाई जे म्हणेल ते मागोमाग म्हणायचं, तिच्याच ठेक्यात. मग टीव्हीवरच्या बातम्या, मग तोकुनागा-सानशी जिन्यात गप्पा. वाचायला फारसं येत नव्हतं, पण बोलणं असं आलं, की पोरगी एक दिवस म्हणाली, "आई, तू फोनवर रेल्वे स्टेशनसारखी बोलतेस."

जपानातली थंडी घराबाहेरची नाही, घरातली असते हे तिथे राहिल्यावरच कळतं. लाकडी घर, पातळ भिंती, सकाळी स्वयंपाकघरात तोंडातून वाफा. आधीच्या हिवाळ्यात कस्तुरीच्या पायाची बोटं लाल होऊन सुजली होती. रात्री खाजवून खाजवून रडायची. म्हणून नोव्हेंबरात तोकुनागा-सानच म्हणाल्या, "नायाना-सान, मी नवा फॅन हीटर घेतेय. स्टेशनजवळच्या दुकानात चांगले आलेत. तुम्हीही तोच घ्या."

दोघी मिळून गेल्या आणि एकाच मॉडेलचे दोन हीटर घेऊन आल्या. रॉकेलवर चालणारा, आत पंखा, बटण दाबलं की थोड्या वेळात खोलीभर ऊब. दुकानदाराने वॉरंटी कार्डावर शिक्का मारून दिला. पहिले काही दिवस कस्तुरी शाळेतून आली की दप्तरासकट त्याच्यासमोर बसायची.

डिसेंबर लागला आणि हीटर रुसला. पेटायचा, छान चालायचा आणि मधेच पी-पी-पी करून विझायचा. समोरच्या काचेवर 'ई-तेरा' असं लुकलुकायचं आणि खोलीत रॉकेलचा वास पसरायचा. पुन्हा पेटवा, पुन्हा तेच. नयनाने कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीने इतक्या आदराने तक्रार लिहून घेतली, की फोन ठेवताना नयनाला आपणच तिचे उपकार मानावेत असं वाटलं.

ठरलेल्या दिवशी शिमादा नावाचा मेकॅनिक आला. दारात बूट काढले, वाकून नमस्कार केला आणि आत येता येता नाक वर करून थांबला. गॅसवर आमटी होती. नुकतीच तिला मोहरी, हिंग, कढीलिंबाची फोडणी दिलेली होती.

त्याने हीटर उघडला, बघितल्यासारखं केलं, आणि पुन्हा गॅसकडे बघितलं.

"असा स्वयंपाक रोज होतो का?"

"म्हणजे कसा?"

"तेल तापवून. मसाले टाकून."

"दोन्ही वेळा होतो. का?"

त्याने कागदावर काहीतरी लिहिलं आणि तिच्यासमोर धरलं. तिला सगळं वाचता येईना, म्हणून त्यानेच वाचून दाखवलं. परदेशी स्वयंपाकातल्या तेलाच्या आणि मसाल्याच्या वाफेमुळे बिघाड. असाधारण वापर. वॉरंटी लागू नाही. दुरुस्ती हवी असल्यास ग्राहकाच्या खर्चाने.

"पण हीटर तर आतल्या खोलीत असतो," नयना म्हणाली.

"वाफ सगळीकडे जाते," तो म्हणाला, आणि पुन्हा वाकून नमस्कार करून निघून गेला.

संध्याकाळी शिरीष म्हणाला, "जाऊ दे ना. दुसरा घेऊ. परक्या देशात कुठे भांडत बसतेस?"

"हीटरचं सोडा हो," ती म्हणाली. "तो माणूस माझ्या घराला घाण म्हणून गेलाय. ते कसं सोडू?"

तरी तिच्या मनात शंका होतीच. खरंच फोडणीमुळे झालं असेल तर? म्हणून तिने फोडणी बंद केली. उकडलेली डाळ, उकडलेल्या भाज्या, भात. तेलाचा थेंब तापवला नाही. खिडक्या उघडून घराला वारा खाऊ दिला, हीटरची जाळी ब्रशने लख्ख केली. कस्तुरीला काही फरक पडला नाही. ती शाळेत तसलंच जेवायची. शिरीषचे मात्र हाल. ऑफिसातून आल्यावर ताटाकडे बघून म्हणायचा, "आज पण पथ्याचंच का?" नववर्षाच्या सुट्ट्या जवळ आल्या तरी हे चाललंच होतं. हीटर मात्र रोज पी-पी-पी करून विझायचा. ई-तेरा.

आता तिची खात्री पटली. त्या रात्री तिने लसणाची खमंग फोडणी देऊन वरण केलं आणि शिरीष दोन वाट्या जास्त जेवला.

दुसऱ्या दिवशी ती खाली गेली. बरेच दिवस तोकुनागा-सानशी निवांत बोलणं झालं नव्हतं. आपण ज्यांच्या सांगण्यावरून हीटर घेतला त्यांना त्याची तक्रार कशी सांगायची, म्हणून तीच टाळत होती. म्हातारीने दार उघडलं. आत पाऊल टाकताच नयनाला कळलं, की ही खोली वरच्यापेक्षाही गार आहे. दोन स्वेटरांवर जाकीट घातलेल्या तोकुनागा-सान पुन्हा कोतात्सुत पाय घालून बसल्या. कोतात्सु म्हणजे बसकं टेबल, वरून रजई आणि आत गरम दिवा. पायापुरती ऊब. कोपऱ्यात हीटर होता. त्याच्यावर फुलाफुलांचं कापड घातलेलं होतं, जणू वापरात नसलेलं शिवणयंत्र.

"हा बंद आहे का?"

म्हातारीने कोतात्सुची रजई गुडघ्यांवर ओढून घेतली. मग म्हणाली, "माझीच चूक झाली, नायाना-सान. मी गेल्या वर्षीचं जुनं रॉकेल घातलं. त्याने खराब झाला. शिमादा नावाचा मेकॅनिक आला होता, तो तसंच म्हणाला."

"तुम्ही जुनं रॉकेल घातलंत?"

"मला आठवत नाही. माझ्याकडे जुनं उरलेलं नव्हतं असं मला वाटत होतं. पण तो म्हणाला म्हणजे घातलं असेल. वय झालं." आणि मग अगदी हळू, "तुम्हाला घ्यायला लावला मीच. तुमचा चांगला चालतोय ना? म्हणून बोलले नाही."

नयना मला म्हणाली होती, त्या क्षणी तिला राग आला तसा आयुष्यात कधी आला नव्हता. एक म्हातारी बाई महिनाभर थंडीत कुडकुडत बसली होती. हीटर बिघडला म्हणून नव्हे, तर आपली स्मरणशक्ती बिघडली असं कुणीतरी तिला पटवून दिलं म्हणून.

तिने कापड बाजूला केलं, हीटर पेटवला. ऊब आली. दोघी बघत बसल्या. पी-पी-पी. ई-तेरा.

"तोकुनागा-सान," ती म्हणाली, "माझाही हाच आकडा दाखवतो. आणि मला सांगितलंय, की मी मसाले जाळते."

म्हातारीने तिच्याकडे बघितलं. "मी कधी मसाले जाळले नाहीत."

"आणि मी रॉकेल याच वर्षी आणलंय. रस्त्यावरून गाणं वाजवत गाडी येते ना, तिच्याकडून. तुम्हीसुद्धा त्याच गाडीवरून घेतलंत, माझ्यासमोर."

तोकुनागा-सान सरळ बसल्या. "इशीझुका-सानकडेही तोच हीटर आहे," त्या म्हणाल्या. इशीझुका-सानचं कोपऱ्यावर बायकांचे केस कापायचं दुकान होतं.

दोघी तशाच तिथे गेल्या. इशीझुका-सानचाही हीटर विझत होता आणि आकडाही तोच. फक्त तिच्याकडे आलेल्या मेकॅनिकने केसांच्या स्प्रेला दोष दिला होता. असाधारण वापर. वॉरंटी लागू नाही.

"एकच दुखणं," नयना म्हणाली, "आणि तीन घरी तीन निदानं."

हळदीकुंकवाला जो फोन चालला होता तो त्यानंतरचा. कंपनीच्या तक्रार विभागाचा प्रमुख, हिराता-सान नावाचा गृहस्थ. तो दर वेळी म्हणे, "प्रत्येक तक्रार स्वतंत्र आहे, आणि आमच्या मेकॅनिकने प्रत्यक्ष पाहून निर्णय दिला आहे." ही दर वेळी म्हणे, "आपल्याला त्रास देते आहे, क्षमा असावी. मी पुन्हा फोन करेन." आणि करायचीच. फोनवर ताटकळत ठेवलं तर ताटकळायची. तिला त्याचं काहीच वाटत नसे. "ट्रंक बोर्डावर मी अख्ख्या सांगलीला ताटकळत ठेवलंय," ती हसून म्हणाली.

तरीही कंपनी हलेना. तेव्हा इशीझुका-सानच्या एका गिऱ्हाइकाने सुचवलं, की नगरपालिकेच्या कचेरीत ग्राहकांसाठी सल्ला केंद्र आहे, तिथे जा. तिथल्या मात्सुओका-सान या बाई कमी बोलणाऱ्या, पण त्यांनी तिघींचं वेगवेगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच विचारलं, "तिन्ही यंत्रं इथे आणता येतील?" मग त्यांनी कंपनीला बोलावलं. नगरपालिकेचं बोलावणं म्हटल्यावर हिराता-सानला यावंच लागलं.

फेब्रुवारीतल्या त्या दिवशी सोबत म्हणून मीही गेले होते. आमच्या गाडीतून हीटर नेले, म्हणून मला खोलीत बसायला मिळालं. लांबट टेबल, एका बाजूला हिराता-सान आणि शिमादा, दुसऱ्या बाजूला तिघी. तोकुनागा-सान ठेवणीतला किमोनो नेसून आल्या होत्या. रॉकेलच्या वासामुळे खिडक्या उघड्या ठेवाव्या लागल्या होत्या, तेव्हा सगळेजण कोट घालूनच.

हिराता-सानने सुरुवात केली ती पाठ केल्यासारखी. तेलाची वाफ, जुनं रॉकेल, केसांचा स्प्रे. तीन वेगळी कारणं.

नयनाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आपलं म्हणणं मी मान्य करते. तेव्हा ही कारणं आपण काढून टाकू या. शिमादा-सान आपल्या हाताने तिन्ही यंत्रं साफ करतील. रॉकेल कंपनीच्या डब्यातलं घालतील. या खोलीत कुणी स्वयंपाक करत नाही, कुणी केसांना स्प्रे मारत नाही. मग आपण बसून बघू."

हिराता-सान जरा हसला. आपण जिंकलोच असं त्याला वाटलं असावं. त्याने मान हलवली.

शिमादाने तिन्ही हीटर उघडून पुसले, झटकले, आतली जाळी बदलली. त्यांच्याच गाडीतून आणलेलं रॉकेल भरलं आणि तिन्ही पेटवले. खोली उबदार झाली. मात्सुओका-सानने चहा आणला. हिराता-सान हीटरची निगा कशी राखावी हे समजावून सांगायला लागला. मला जपानी अर्धंमुर्धंच कळत होतं. मी नयनाकडे बघत होते. तिचे हात टेबलाखाली घट्ट धरलेले.

पी-पी-पी.

इशीझुका-सानचा हीटर विझला. "किएता!" ती ओरडलीच. विझला! हिराता-सान म्हणाला, "स्प्रेचा थर आत खोलवर बसलेला असू शकतो."

त्याचं वाक्य पुरतं व्हायच्या आत दुसरा. पी-पी-पी. तोकुनागा-सानने डोळे मिटून घेतले आणि उघडले. हिराता-सान या वेळी चहा प्यायला लागला.

राहिला नयनाचा. तो मात्र चालूच राहिला. चहा संपला, तरी चालूच. एरवी तो विझू नये म्हणून देवाला हात जोडणारी ही बाई, आज तो विझावा म्हणून ओठ चावत बसली होती. हिराता-सानचा चेहरा पुन्हा खुलायला लागला. त्याने हीटरकडे हात करून म्हटलं, "पाहिलंत? व्यवस्थित साफ केला की—"

पी-पी-पी. ई-तेरा.

मला हसू आवरेना. इशीझुका-सान तोंडावर रुमाल धरून खांदे हलवत होती. नयना मात्र उठून उभी राहिली, वाकून नमस्कार केला आणि त्याच एका सुरात म्हणाली, "हिराता-सान, फोडणी कुठे आहे?"

फोडणी हा शब्द तिने मराठीतच वापरला. त्याचं भाषांतर कुणी मागितलं नाही.

मात्सुओका-सानने विचारलं, "हाच आकडा दाखवणारी अजून किती यंत्रं आपल्याकडे परत आली आहेत?"

"ते मला तपासून पाहावं लागेल," हिराता-सान म्हणाला. त्याच्या शेजारी शिमादा मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत होता, आणि त्याच्या बघण्यातच आम्हाला उत्तर मिळालं.

कंपनी तिन्ही हीटर तपासायला घेऊन गेली आणि तोवर वापरायला दुसरे दिले. मार्च उजाडला. प्लमची फुलं आलेली असताना एका दुपारी हिराता-सान आणि शिमादा उरायासुला त्या घरी आले. नयनाने इशीझुका-सानलाही बोलावून घेतलं. सगळे खाली तोकुनागा-सानच्या खोलीत बसले. हिराता-सानने सांगितलं, की त्या हंगामात बनलेल्या यंत्रांमध्ये ज्योत ओळखणारा एक भाग सदोष होता. तापला की ज्योत असूनही नाही असं समजायचा. ते मॉडेल घेतलेल्या सगळ्या ग्राहकांना कळवण्यात येत आहे आणि भाग विनामूल्य बदलून मिळेल. या तिघींसाठी त्यांनी नवे हीटर आणले होते आणि वर मिठाईचा सुबक खोका. मग दोघांनी चटईवर डोकं टेकेल इतकं वाकून क्षमा मागितली.

हिराता-सानला वाटलं, झालं. तो उठायला लागला.

"अजून एक राहिलं," नयना म्हणाली.

"आपल्या तक्रारीवरची ती नोंद आम्ही रद्द केली आहे," तो घाईने म्हणाला. "स्वयंपाकाबद्दलची."

"आभारी आहे. पण मी त्याबद्दल बोलत नाही." तिने तोकुनागा-सानकडे हात केला. "यांनी जुनं रॉकेल वापरलं नव्हतं. यांची आठवण बरोबर होती. हे यांना तुम्ही तोंडाने सांगा."

हिराता-सानने शिमादाकडे बघितलं. शिमादा गुडघ्यांवर सरकत म्हातारीच्या समोर आला.

"तोकुनागा-सान," तो म्हणाला, "तुमचं रॉकेल नवंच होतं. चूक यंत्राची होती, आणि न बघता बोललो ही चूक माझी होती. तुम्ही जे सांगत होता ते खरं होतं."

तोकुनागा-सानने मान हलवली. मग त्या एकदम हसल्या. डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मला तेव्हाच माहीत होतं!"

संध्याकाळी शिरीषला हे कळलं तेव्हा त्याने बायकोकडे असं बघितलं, की नयना मला म्हणाली, लग्नाच्या वेळीही त्याने असं बघितलं नव्हतं. तो ऑफिसात जो भेटेल त्याला सांगत सुटला. त्याच्या ऑफिसातले जपानी लोक त्याला महिनाभर "हसुबानिसु-सान, घरी सगळं ठीक ना?" असं घाबरून विचारायचे.

एप्रिलमध्ये मात्सुओका-सानचा फोन आला. उरायासुत परदेशी कुटुंबं वाढत होती. घरमालक, टेलिफोन, गॅस, सगळीकडे अडायचं, आणि अडलं की लोक गप्प बसायचे. आठवड्यातून एक दिवस केंद्रात येऊन बसाल का, असं त्यांनी विचारलं. नयनाने विचार करायला वेळ मागितला नाही. पुढे ओसाकाला बदली होईपर्यंत ती तिथे जात राहिली, आणि तिच्या जाण्याच्या दिवशी त्या कचेरीतल्या सगळ्यांनी मिळून तिला निरोप दिला.

केंद्रातल्या तिच्या पहिल्या दिवशी मी तिला बघायला मुद्दाम गेले होते. खिडकीपाशी छोटं टेबल, तिच्या नावाची पाटी. एक तरुण फिलिपिनो बाई लहान बाळाला पाठीशी बांधून दारात घुटमळत होती. आत यावं की नाही, ठरत नव्हतं तिचं. नयना उठली, दारापर्यंत गेली आणि खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "या. बसा. सावकाश सांगा. मला घाई नाही."